बाबांच्या टाकीतलं एकशेदहा

सें-क्लोविस,
फेब्रुवारीतला शेवटचा रविवार

प्रिय नोएला आत्या,

आदरपूर्वक नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक पापी. (आईनेही एक पाठवली आहे. बाबांनी नुसती मान हलवली, तीही पापीच समजावी.) तुझा गुडघा कसा आहे? संत्री उतरली का? शेजारच्या त्या टोरोंटोच्या बाई अजून तुझ्याशी इंग्रजीतच बोलतात का, आणि तू अजून त्यांना फ्रेंचमध्येच उत्तरं देतेस का? मागच्या पत्रात तू लिहिलंस की फ्लोरिडात अचानक गारठा पडल्यामुळे तुला बिनबाह्यांच्या झग्यावर शाल घ्यावी लागली. ते वाक्य मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. त्या वेळी बाहेर उणे चौतीस होतं, मागचं दार चौकटीला गोठून बसलं होतं आणि आई ते हेअर ड्रायरने सोडवत होती. तिने फक्त ड्रायरचा आवाज वाढवला. इथे आम्ही सगळे कुशल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. खरी हकीकत पुढे.

मी पदवी घेऊन शहरातून परत आले ती गावाला शहाणं करायचं ठरवूनच, हे तुला ठाऊक आहे. (हसू नकोस. तूच म्हणाली होतीस की आपल्या घरात कोणीतरी शिकून परत यायला हवं.) आपल्या घरातली ही पहिली पदवी. बाबांनी ती दिवाणखान्यात न लावता गराजमध्ये पान्यांच्या वर टांगली आहे, कारण दिवाणखान्यात येतं कोण, आणि गराजमध्ये सगळा गाव येतो. शाळेत मी विज्ञान शिकवते ते मुलांपुरतं, मोठ्यांचं काय? म्हणून जानेवारीत स्नोमोबाइल क्लबच्या लाकडी झोपडीत मी एक व्याख्यान ठेवलं. विषय: ‘पेट्रोल समजून घेऊ या’. वाटाण्याचं सूप फुकट असल्यामुळे गर्दी झाली.

मी सांगितलं की ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. तो आकडा सोशिकपणाचा असतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्र दाबलं जातं, आणि ठिणगी पडेपर्यंत पेट्रोलने गप्प राहायचं असतं. कमी आकड्याच्या पेट्रोलला तो दाब सोसवत नाही. ते आधीच भडकतं, आणि इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येते. तिला नॉकिंग म्हणतात. टर्बो असलेल्या गाडीत हवा आणखी कोंबली जाते, म्हणून तिला जास्त सोशिक पेट्रोल लागतं. पण जेवढा दाब, तेवढाच सोशिकपणा पुरे. त्याच्यावरचा सगळा वाया. (हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. आकृती सुंदर आली होती.) प्रश्न विचारा म्हटल्यावर आपल्या शेजारचा दामास उठला.

“मग माझ्या रोलांदला किती ऑक्टेन?”

“लग्नात एकशेदहा होतं,” रोलांद सूप वाढता वाढता म्हणाली. “वापरून वापरून तू सत्त्याऐंशीवर आणलंस. आता खडखड ऐक.”

व्याख्यान तिथेच संपलं. उरलेला वेळ गावाने एकमेकांना आकडे वाटण्यात घालवला. पाद्रीबाबांना चौऱ्याण्णव मिळाले, त्यांना ते कमी वाटले आणि ते जरा भडकले, म्हणून लगेच एक्क्याण्णव केले. आईला सगळ्यांनी एकमताने एकशेदहा दिले, कारण ती बाबांबरोबर राहते. तुला किती दिले ते मी लिहीत नाही. तू आमच्यापासून इतकी दूर आहेस, उगाच त्रास नको.

आता बाबांकडे येते. त्यांच्या त्या बर्फावर पळणाऱ्या टर्बोच्या स्नोमोबाइलच्या हँडलपाशी ट्यूनिंगवाल्याने एक बटण बसवून दिलं आहे. बटण खाली असेल तर टर्बो बेताने फुंकतो आणि आपल्या पंपावरचं एक्क्याण्णव त्याला पुरतं. बटण वर केलं तर टर्बो पिसाळतो, मग शर्यतीचं एकशेदहा घालावंच लागतं. आता गंमत बघ. यंदाचा अख्खा हिवाळा बाबा बटण खाली ठेवून टाकीत एकशेदहा ओतत होते! ते शिकुतिमीहून पिंपात आणावं लागतं, त्याचा वास सुकत घातलेल्या कपड्यांना येतो, थंडीत गाडी त्याच्यावर सुरूसुद्धा नीट होत नाही. आणि हे आपले बाबा, आत्या, जे कॉफी गाळायचा कागद धुऊन पुन्हा वापरतात. मी त्यांना समजावलं. जेवताना समजावलं, बर्फ उपसताना समजावलं, गराजमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना समजावलं. दर वेळी ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे, शेवटी “हो हो, बरोबर आहे पोरी” म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकशेदहा. इतका मन लावून ऐकणारा आणि इतकं काहीच न शिकणारा विद्यार्थी मी शाळेतही पाहिलेला नाही. मला वाटलं, आपल्या घरात अज्ञान ठाण मांडून बसलं आहे आणि ते हटवणं माझं कर्तव्य आहे.

म्हणून कार्निव्हलच्या दिवशी सकाळी मी ते हटवलं. (तुला आठवत असेलच, तळ्यावरच्या शर्यतीत दरवर्षी बाबा आणि दामास समोरासमोर येतात आणि हरलेला जिंकलेल्याच्या छपरावरचा बर्फ हिवाळाभर उपसतो.) बाबांची टाकी जवळजवळ रिकामी होती. मी उरलंसुरलं काढलं आणि पंपावरचं एक्क्याण्णव भरलं. चोरून नाही केलं हं. मी त्यांच्या मागे उभी राहून स्पष्ट शब्दांत सांगितलं, “बाबा, एक्क्याण्णव भरलंय. बटण खालीच ठेवा.” ते पाठमोरे होते, पट्टा घट्ट करत होते. म्हणाले, “हो हो, शाब्बास.” मला इतका आनंद झाला की मी आईला आत जाऊन सांगितलं, विज्ञान जिंकलं. आई पाईची पारी लाटत होती. ती म्हणाली, “बरं झालं. आता त्याला अंघोळीचंही विज्ञान सांग.”

तळ्यावर सगळा गाव होता. दामास आपल्या गाडीवर बसून ओरडत होता (तो नेहमीच ओरडतो, म्हणूनच बहुधा बाबांची आणि त्याची इतकी जमते): “रोसेर! फावडं आणलंयस ना? माझ्या छपरावर यंदा गुडघाभर आहे! म्हातारपणी टर्बो बसवून पाय नाही होत रे तरुण!” बाबा हसले. आणि मी बघतच राहिले, कारण हसता हसता त्यांनी अंगठ्याने ते बटण वर केलं.

मी ओरडले. हेल्मेट घातलेल्या माणसाला कोणाचंच ऐकू जात नाही असं मला त्या क्षणी वाटलं. झेंडा पडला, दोन्ही गाड्या सुटल्या, आणि अर्ध्या तळ्यावर पोचेपर्यंत ती सुरू झाली. खडखड, आत्या. डब्यातले खिळे. एखाद्याने लोखंडाचं अख्खं दुकान जिन्यावरून सोडून द्यावं तशी. माझं व्याख्यान ऐकलेल्या सगळ्यांनी ती ओळखली. रोलांद म्हणाली, “अगं बाई, हेच ते!” पाद्रीबाबांनी दोन्ही हात वर करून हलवले. दामासने तर आपली गाडी थांबवली, उभा राहिला आणि “खटक्यावरून अंगठा काढ, रोसेर, अंगठा काढ!” म्हणून बोंबलत सुटला. तळ्याच्या त्या काठापर्यंत सगळ्यांना ऐकू जात होतं. एका माणसाला सोडून. बाबा मान खाली घालून, वेगाच्या खटक्यावर अंगठा दाबून, मजेत पुढे चालले होते. मग गाडीतून पांढरा धूर आला आणि ती थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

तुला माहीत आहे ते कोण आहेत. गावातल्या निम्म्या गाड्या त्यांनी नुसत्या कानाने जुळवल्या आहेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग निदान. नॉकिंग आलं की गाडी आपोआप सांभाळणारा सेन्सर असतो, तो त्यांनी ट्यूनिंगच्या वेळी बंद करून घेतला होता. “मला कान आहेत की,” म्हणाले होते. मी बर्फावरून धावत त्यांच्यापाशी पोचले, तेव्हा त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं आणि ते इंजिनाकडे बघत होते. मला म्हणाले, “वाजत होतं का गं?”

इतक्या हळू विचारलं. आणि मला एकदम सगळं समजलं. हॉकीचा सामना बघताना टीव्हीवर खाली अक्षरं लावतात ते. चर्चमध्ये कायम भिंतीला पाठ लावून उभे राहतात ते. माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात ते. लाकडाच्या गिरणीतल्या करवतींनी त्यांचे कान खाल्ले आहेत, त्यांना ते ठाऊक आहे, आणि कान जे काम करायचे ते काम त्यांनी यंदा पेट्रोलवर सोपवलं होतं. खडखड ऐकू येणार नसेल तर खडखड होऊच नये, म्हणून बेताच्या दाबालासुद्धा बाजारातलं सगळ्यांत सोशिक पेट्रोल. यात अज्ञान कुठे आहे? माझ्या अख्ख्या व्याख्यानात इतका नीट विचार नव्हता.

आणि मी, जिने विद्यापीठात सत्याशी प्रामाणिक राहण्याबद्दल निबंध लिहिला, मी म्हणाले, “नाही बाबा. काहीच वाजलं नाही.”

तोवर सगळे येऊन पोचले होते. बाबांनी दामासकडे पाहिलं. दामासचं तोंड उघडं होतं, ओरडून ओरडून घसा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बर्फाकडे. म्हणाला, “मला तर काही ऐकू आलं नाही बुवा. एकदम थांबली.” रोलांद म्हणाली, वाऱ्यात काय कळणार. वारा नव्हता. पाद्रीबाबा म्हणाले की त्यांनीही काही ऐकलं नाही, आणि क्रूसाची खूण केली, बहुधा माफीसाठी. एका मिनिटात सगळं सें-क्लोविस बहिरं झालं, आत्या. गाडी ओढून घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर दामास फावडं घेऊन आमच्याच छपरावर. बाबांची गाडी बंद पडल्यामुळे जिंकला होता तोच, उपसायचं होतं बाबांनी. वरून म्हणाला, “उंचावरून तळं छान दिसतं, म्हणून चढलो. तू तुझं काम कर.”

पण आता आम्ही अडकलो आहोत. नवा पिस्टन येतो आहे, आणि मार्चच्या मध्याला बाबा नेहमीप्रमाणे वालँच्या डोंगरात जायचं म्हणतात. एकटे. मागून सुसाट येणारी गाडी त्यांना ऐकू येणार नाही, पायाखाली ओढ्यावरचा बर्फ तडकला तर तेही नाही. काहीच वाजलं नव्हतं असं मी शपथेवर सांगून बसले आहे, आता डॉक्टरकडे चला म्हणू तरी कशी? आईने एकदा नुसतं “कान” म्हटलं, तर ते उठून लाकडं फोडायला गेले. परतले तेव्हा उन्हाळ्यापर्यंत पुरतील एवढी लाकडं झाली होती.

असो. फार लांबलं. तुझ्या संत्र्यांना सावली आणि तुझ्या गुडघ्याला आराम मिळो. इथे उन्हाची वाट बघणं चालू आहे.

तुझी भाची,
एलोदी

ता. क. हे वाचून फोन करू नकोस. फोनवर बाबा सगळ्याला “हो हो” म्हणतात. जानेवारीत तू विचारलंस आणि ते तुझा पोपट उन्हाळाभर सांभाळायला तयार झाले. त्यांना अजून ते माहीत नाही.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. दोन वर्षांपूर्वी कानातली यंत्रं बसवून घ्यायला तू शहरात आलीस, मी सोबत होते, आणि कोणाला सांगणार नाही असं तू माझ्याकडून वदवून घेतलंस. मी सांगितलेलं नाही. पण बाबा जगात फक्त तुझं ऐकतात (म्हणजे, तुला कळलं मी काय म्हणते ते). यंदा ईस्टरची वाट न बघता मार्चच्या मध्याआधी येशील का? आणि येताना केस कानांवरून काढून वर बांधशील का? मला माहीत आहे मी केवढं मागते आहे. तुझ्या केसांची तारीफ गावात अजून होते.

शेवटचं ता. क. पिस्टन आणायला बाबा शहरात चालले आहेत, पत्र त्यांच्याचकडे टाकायला देते. काळजी करू नकोस, ते दुसऱ्यांची पत्रं वाचत नाहीत.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

नोएला, पाकीट बंद करायच्या आधी दोन ओळी खुशालीच्या लिहाव्या म्हणून पत्र उघडलं, आणि सगळंच वाचलं. पोरीचं अक्षर चांगलं आहे. तळ्यावर दामास जिंकला आणि गप्प बसला, तेव्हाच मला कळलं की वाजलं होतं. त्यांना सांगू नकोस. इतकं चांगलं खोटं या गावात पुन्हा कोणी बोलणार नाही. तुझी ती यंत्रं मी नाताळात पाहिली होती, तू इथे आलीस आणि टोपी काढताना केस सरकले तेव्हा. तू लपवत होतीस, म्हणून मी पाहिली नाहीत. ये. मग डोंगराचं बघू. कसला पोपट?

खुपतात का गं ती?

रोसेर