उपाशीपोटी

४ फेब्रुवारी

ताईला पहिला विजेचा शॉक दिला. सिनेमातल्यासारखा नव्हे! भूल, स्नायू सैल करणारं इंजेक्शन, आणि मग मेंदूत मुद्दाम आणलेली छोटीशी फिट. पायाचा अंगठा तेवढा थरथरला म्हणे. बाहेर बसून आम्हीच अर्धे झालो.

गेला महिनाभर ताईने स्वतःहून एक घास उचललेला नाही. आई भरवते, ती ओठ मिटून भिंतीकडे बघते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी काही झालं नाही. याने झालं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल — डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं.

५ फेब्रुवारी

ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, डोकं खाल्लं. "नक्की कुठलं रसायन कमी पडलंय? सेरोटोनिन की डोपामिन?" जणू कळलं की पाव किलो बांधून आणणार आहेत!

८ फेब्रुवारी

दुसरा शॉक. निघताना आईचं सुरू — "अगं, घोटभर दूध तरी देऊ का? पोरीला उपाशी कसं न्यायचं?" भुलेआधी पोट रिकामं लागतं, पाणीसुद्धा चालत नाही, हे किती वेळा सांगायचं! माझ्याकडे गाडी शिकायला येणारेसुद्धा क्लच आणि ब्रेकमधला फरक इतक्या वेळात शिकतात.

भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना गाठलंच. त्या म्हणाल्या, हे एकट्या रसायनाचं काम नाही. सेरोटोनिन, डोपामिनला मेंदू देतो तो प्रतिसाद बदलतो. फिट आवरायला मेंदू स्वतःच शांत करणारं रसायन वाढवत असावा. पेशींना नवे धागे फुटायला मदत करणारं प्रथिनही वाढतं, असं दिसतं.

"मग यातल्या नक्की कशाने बरं वाटतं?"

"ते अजून पूर्ण कळलेलं नाही."

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मलाही रागच आला. कळलेलं नाही म्हणे! पण बाई खोटं बोलल्या नाहीत, एवढं खरं.

जाताजाता म्हणाल्या, "फरक तुम्हाला आधी दिसेल, त्यांना नंतर जाणवेल." मी दिवसभर ताईकडे टक लावून बसले. काही नाही!

११ फेब्रुवारी

तिसरा. परतताना ताईने एकच गोष्ट तीनदा विचारली — "आपण कुठे गेलो होतो?" विसरणं चालायचंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताट मात्र तसंच परत. मला भीती वाटते, ती अशीच आटत जाईल आणि आम्ही रसायनांची नावं पाठ करत बसू.

१५ फेब्रुवारी

चौथा रद्द!! नर्सला ताईच्या गाऊनच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला, ओठाला कण. पोटात काही असलं तर भुलेत उलटून फुप्फुसात जातं. सरळ घरी पाठवलं. आता पुढची वेळ चार दिवसांनी.

पार्किंगमध्येच मी आईवर ओरडले.

"अगं, मी नाही दिलं."

"मग काय बिस्किट चालत आलं?"

भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. आई मागच्या सीटवर ताईचा हात धरून बसली.

१६ फेब्रुवारी

आईचा अबोला. भांडी मात्र बोलताहेत!

१८ फेब्रुवारी

उद्या पुन्हा शॉक. स्वयंपाकघराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. आई बघत होती. म्हणाली, "लाव, बाई. एवढाही भरवसा नसेल तर लाव." मला वाईट वाटलं. तरी लावलं.

१९ फेब्रुवारी

सकाळी कुलूप ओढल्याचा आवाज. म्हटलं, सापडली! धावत गेले. आई तिच्या अंथरुणात घोरत होती.

दाराशी ताई. केस विस्कटलेले, कडी दोन्ही हातांनी धरलेली. माझ्याकडे वळून चिडून म्हणाली, "कुलूप कोणी घातलं गं? बिस्किटांचा डबा आत आहे. भूक लागलीय मला!"

मी आधी आईला हाक मारली.