टॅपेट मीच सेट केलो

१२ नोव्हेंबर, बुधवार
सोमवारी ज्योत्स्नाअक्काची बिदरला मुलाखत. नर्सची जागा. दहाला पोचायचं. मी गाडीवर सोडतो म्हणून सांगून टाकलो. अप्पांची जुनी गाडी टकटक करायलीय, तेवढं बघायचं. मोबाइलवर व्हॉल्व्हचे सात व्हिडिओ बघितलो.

१३, गुरुवार
विषय पक्का झाला. लई जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभे. श्वास कोंडतो. आमच्या गाडीत ते वर हेडमध्ये, पण त्यांना उघडणारा कॅम खाली, मधी लांब काड्या, पुशरॉड. नवीन गाड्यांत कॅमच वर. काड्यांची भानगड न्हाई. त्यात चार व्हॉल्व्हवालं इंजिन राजा. हवा जास्त, पळायला जोर. दोनवालं हळू चालवताना चांगलं ओढतं, पण ते म्हाताऱ्यांसाठी.
अक्का म्हणली, हे सगळं खरं, सोमवारी गाडी निघंल का? हिला टेक्निकल कळतच न्हाई.

१५, शनिवार
आज टॅपेट, म्हणजे काडी अन् व्हॉल्व्हमधली फट, सेट करणारच होतो. पान्हा आणायला मंठाळला दोस्त विलासकडं गेलो. तिथं कबड्डीचे सामने. पान्हा राहिला.

१६, रविवार, संध्याकाळी ५
परत मंठाळ. पान्हा आणलो. आल्या आल्या, इंजिनला हात भाजायलाय तरी, दोन्ही काड्यांचा ढिलेपणा काढलो. टकटक बंद. गॅरेजवाले गुरुशांतप्पा मेस्त्री रस्त्यानं जाताना म्हणले, थंड होऊ दिलास का रे तम्मा? म्हणलो, अण्णा, गाडी गरमच पळती, मग सेटिंगबी गरमच पाहिजे. मान हलवत निघून गेले. पटलं असंल.

१७, सोमवार, सकाळी ७.४०
अठ्ठावीस किका. गाडी मेलेली. किक लोण्यात गेल्यासारखी खाली जायलीय. पुशरॉडचं डिझाइनच भिकार.
आईला म्हणलो, अक्काला दोन मिनिटं थांब म्हण. आई म्हणली, कुणाला थांबवू? ती सहाच्या बसनं गेली. डबा एकटीपुरताच कर, म्हणून कालच सांगितली होती. मग मी कामून किका मारायलोय, हे तरी कुणी सांगायचं.

दुपारी
मेस्त्रींनी काडी दोन बोटांत धरली. जागची हलंना. म्हणले, थंड इंजिनात ही मोकळी फिरली पाहिजे. गरम सिलिंडर फुगतो, तवा तू काडी घट्ट केलास. थंडीत तो आखडला, व्हॉल्व्ह उघडेच राहिले, दाब निसटला. डिझाइनला नावं ठेवू नको, तीस वर्षं तुझ्या अप्पाला नेलंय या गाडीनं. पाच मिनिटांत चालू केले.
मला हे सगळं माहीत होतं. फक्त उलटं.

२४, सोमवार
अक्काची निवड झाली. उद्या बिदरला राहायला जायलीय. गाडी आता एका किकमध्ये सुरू होती. सोडू का म्हणलो. अक्का म्हणली, बॅग तेवढी स्टँडवर आणून दे. चालत.