जप्त माल नष्ट करण्याबाबत

३ मार्च
शाळेत वैद्यकीय तपासणी. माझं वजन एकशे आठ. काटा सोव्हिएत काळातला आहे, लोकांना धाकात ठेवण्यासाठीच बनवलेला असणार. तरी मुख्याध्यापिका रखात एजेंनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. (आमच्याकडे बाईंना एजे म्हणतात, सरांना आगाय.) म्हणाल्या, शैलोबेक आगाय, तुम्ही व्यायामाचे शिक्षक ना? मी म्हणालो, बावीस वर्षं. त्या म्हणाल्या, मग बावीस वर्षं व्यायाम केला कोणी?
नर्सबाई हसल्या. त्यांना हसायचा पगार मिळत नाही.
निकाल: तीस एप्रिलच्या आत शंभरवर. नाहीतर शिट्टी काढून घेणार आणि सुतारकामाच्या वर्गावर पाठवणार.
माझं वजन मुळात हाडांचं आहे. आम्ही नारिनकडचे, डोंगरी हाडं. असो. आठ किलो, आठ आठवडे. देवानेच गणित जुळवून दिलंय.

३ मार्च, संध्याकाळी
बुरुलला सांगितलं. बायकोने अशा वेळी धीर द्यावा. तिने कढई उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. उद्यापासून उकडलेला कुट्टू, उकडलेलं बीट, बिनसाखरेचा चहा. म्हणाली, तुला शिट्टीची काळजी, मला तुझ्या साखरेची. वडील कितव्या वर्षी गेले तुझे?
एक्कावन्नाव्या. मला एकोणपन्नास चालू आहे. ठाऊक आहे मला. म्हणूनच उद्यापासून.

४ मार्च
सकाळी कुट्टू. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याला मीठ लावावं तशी चव. पण ताकद आली.
शाळेच्या फाटकासमोर सल्तनतची टपरी. गोल पाव, त्यात सुरीने खरवडलेलं कोंबडीचं गरमागरम मांस, कोबी, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या, आणि मेयॉनेझ इतकं की चावलं की मनगटावरून कोपरापर्यंत जातं. याला बिश्केकमध्ये गम्बुर्गर म्हणतात. मान वळवून सरळ पुढे गेलो. एकदाही पाहिलं नाही. शाळेच्या पायऱ्या चढलो. इच्छाशक्ती!
मग आठवलं, सल्तनतला नमस्कार राहिला. बावीस वर्षांची ओळख. परत गेलो.
एकच खाल्ला. लहान. (सगळे एकाच आकाराचे असतात, पण मला लहान वाटला.)

६ मार्च
रस्ता बदलला. आता मागच्या गल्लीने. तिथे सामसाची, मांस भरलेल्या त्रिकोणी पावांची, भट्टी आहे हे कोणी सांगितलं नाही. पण सामसा फास्ट फूड नव्हे. भट्टीच्या भिंतीला चिकटवतात, वीस मिनिटं उभं राहावं लागतं. वीस मिनिटं लागतात त्याला फास्ट कसं म्हणणार?
तीन.

१० मार्च
विचार केला. शत्रूला टाळून जिंकता येत नाही, त्याच्या समोर उभं राहावं लागतं. रखात एजेंकडे गेलो. म्हणालो, मधल्या सुट्टीत मुलं टपरीवर धावतात, त्यांची तब्येत बिघडते. मी फाटकावर उभा राहीन. दिसेल तो गम्बुर्गर जप्त करीन.
एजे पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहत होत्या. म्हणाल्या, आगाय, तुमच्यात बदल दिसतोय.
मलाही दिसतोय.

११ मार्च
पहिला दिवस. सात जप्त.
अडचण: ठेवायचे कुठे? कचऱ्याच्या डब्यात टाकावे तर कावळे ओढून पटांगणभर करतात, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर पुन्हा तोच मोह. एजेंना विचारलं. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, नष्ट करून टाका हो, मला काय विचारता.
क्रीडासाहित्याच्या खोलीत गेलो. गाद्यांच्या मागे बसलो. नष्ट केले.
नोंद: हे खाणं नव्हे. खाणं म्हणजे माणूस स्वतःच्या इच्छेने, टेबलाशी बसून करतो ते. ही ड्युटी आहे.

१४ मार्च
वजन एकशे नऊ. पण हे वाढीव वजन शाळेचं आहे, माझं नाही.

१८ मार्च
आज मन भरून आलं. आठवी ब ची एक हजार मीटरची धाव होती. शिट्टी वाजवणार, तोच एक मुलगी पुढे आली, दप्तरातून गरम पुडकं काढून म्हणाली, आगाय, माझं चुकलं, मी हे घेतलं होतं, तुम्हीच नष्ट करा. स्वतःहून! डोळे खाली! अशा लेकराला पळायला कसं लावणार? म्हटलं, बस बाळ, सावलीत बस.

१९ मार्च
आज अकरा जणांना पश्चात्ताप झाला. सगळे सावलीत बसले.
एक विशेष: एकाही गम्बुर्गरमध्ये कांदा नव्हता. मला कांदा अजिबात चालत नाही. या पिढीची चव सुधारतेय.

२१ मार्च
नूरूज, वसंतातलं नवं वर्ष. सण मोजायचा नसतो. सुमोलोक तर गव्हाच्या कोंबांची खीर, म्हणजे औषधच. कणकेचे तळलेले बोरसोक मात्र औषध नाहीत, पण पूर्वजांच्या नावाने तळलेल्याला नाही म्हणणं पाप. वडिलांच्या नावाने चार जास्त खाल्ले.

२७ मार्च
एकशे अकरा.
सल्तनत आज फाटकापर्यंत आली. म्हणाली, आगाय, देव तुमचं भलं करो, धंदा दुपटीवर गेला. पोरं रांग लावतात आणि म्हणतात, एक आगायवाला द्या. मी विचारलं, आगायवाला म्हणजे? ती डोक्याच्या रुमालाने तोंड झाकून हसली. म्हणाली, बिनकांद्याचा, डबल मांसाचा.
म्हणजे मुलं खरेदी करतानाही माझं नाव घेतात. याला म्हणतात दरारा.

२ एप्रिल
आठवी ब मध्ये सव्वीस मुलं. पंचवीस सुधारली. एकच राहिली आहे, आयझिरेक. काटकुळी, भावाचे बूट घालून येते, पुढच्या टोकात कागद कोंबलेला. कधी काही आणत नाही. तिला एकटीलाच पळावं लागतं. मी बाकावर बसून घड्याळ धरतो.
आज चार मिनिटं दोन सेकंद. सांगितलं, कोपर आत वाकव, हात हवेत फेकू नकोस. पुन्हा पळाली. तीन एक्कावन्न.
बाकीचे टाळ्या वाजवत होते, तोंडं पुसत. मी त्या क्षणी जेवणाचा विचार करत नव्हतो. हे लिहून ठेवतो.

९ एप्रिल
बुरुलने माझी शिट्टी हुंगली! नवरा हुंगणाऱ्या बायका ऐकल्या होत्या. म्हणाली, शिट्टीला मेयॉनेझचा वास येतोय. मी म्हणालो, मुलांच्या संगतीत वास लागतोच. ती म्हणाली, मुलं तुझी शिट्टी चावतात का?
मला वाटलं आता भांडेल. भांडली नाही. खुर्चीवर बसली, हातात शिट्टी तशीच. म्हणाली, शैलो, खरं सांग, मला एकटीला टाकून जायचंय का तुला?
मी म्हणालो, मेयॉनेझने कोणी जात नाही.
ती उठून झोपायला गेली. कुट्टू आज थोडा बरा लागला. उद्यापासून जप्त मालापैकी निम्माच नष्ट करायचा. शपथ.

१० एप्रिल
शपथ पाळली. बारापैकी सहा नष्ट.
उरलेले सहा पाहवेनात. अन्न फेकणं हे तर मोठं पाप. शाळा सुटल्यावर नष्ट केले. दोन पापांतलं लहान निवडलं.

१७ एप्रिल
नगर शिक्षण खात्याचं पत्र. चोवीस तारखेला निरीक्षक येणार, मुलांच्या शारीरिक क्षमतेची टेस्ट घेणार. वर्ग निवडलाय आठवी ब.
एजे घाबरल्या आहेत. मी निश्चिंत. इतर शाळांची मुलं दमलेली असतील. माझी महिनाभर विश्रांती घेऊन ताजीतवानी आहेत.

२४ एप्रिल
लिहू नये असं वाटतंय. लिहितो.
निरीक्षक आले. उंच, सुकलेले, बगलेत फाईल. शिट्टी वाजली. सव्वीस मुलं निघाली. पहिल्या वळणावर सात जणी कंबर धरून उभ्या. दुसऱ्या वळणावर दोघे गवतात आडवे, एक जण म्हणतोय, आईला सांगा मी शूर होतो. उरलेले चालू लागले, गप्पा मारत. एकजण सरळ निरीक्षकांकडे आला, दप्तरातून गरम पुडकं काढलं आणि म्हणाला, साहेब, माझं चुकलं. तुम्हाला कांदा चालतो का?
आयझिरेक एकटी पळत होती. कोपर आत. तीन मिनिटं चव्वेचाळीस. घड्याळ पाहून मी ओरडलोच. वर्गात कोणी इतक्या वेगात पळालेलं मला आठवत नाही.
निरीक्षकांनी तिला विचारलं, कोणी शिकवलं? ती म्हणाली, आगायनी. कोपर वाकवायलाही त्यांनीच सांगितलं.
मी छाती पुढे काढली.
त्यांनी विचारलं, मग बाकीच्यांना का नाही शिकवलं?
म्हणाली, बाकीचे आगायना गम्बुर्गर देतात ना. गम्बुर्गर दिला की सावलीत बसायला मिळतं. माझ्याकडे पैसे नसतात, म्हणून मला रोज पळावं लागलं.
चहाडी नव्हती. तक्रारही नव्हती. कोणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं बोलली.
एजे माझ्याकडे पाहत राहिल्या. मी डोंगराकडे. डोंगरावर अजून बर्फ आहे.

२४ एप्रिल, नंतर
मला खरंच वाटलं होतं की त्यांना पश्चात्ताप होतोय.
बहुतेक वाटलं होतं.

३० एप्रिल
एकशे चौदा. शिट्टी टेबलावर ठेवली. एजेंनी कागदात गुंडाळून नव्या मास्तरला दिली. चोवीस वर्षांचा आहे, भाल्यासारखा दिसतो. आयझिरेक शहराच्या स्पर्धेला जाणार. तिच्याबरोबर तो जाईल.
सुतारकामाचा वर्ग तळघरात आहे. चांगला आहे. थंड आहे.

४ मे, सकाळी ६:४०
बुरुलने उठवलं. बूट समोर ठेवले. पटांगणावर जाऊन एक हजार मीटर पळायचं ठरवलं. पाच फेऱ्या. बावीस वर्षं सांगत आलोय, श्वास नाकाने घ्या, सुरुवात हळू करा. मला सगळं माहीत आहे.

४ मे, सकाळी ७:३०
आयझिरेक आधीच पळत होती. म्हणाली, आगाय, तुम्हीही? चला. बरोबर निघालो. श्वास नाकाने. मग तोंडाने. मग कुठूनच येईना. पहिल्या वळणाच्या अलीकडे कुंपण धरून उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे.
ती वळून परत आली. मला वाटलं हसेल. वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, आमच्या नर्सबाई बघतात तशी. म्हणाली, तुम्ही बसा आगाय, सावलीत. तुमचं उरलेलं मी पळते.
मी नको म्हणायला हवं होतं. श्वास नव्हता. बसलो. तिने माझ्या पाचही फेऱ्या पूर्ण केल्या, प्रत्येक वेळी समोरून जाताना बोटांनी आकडा दाखवत.
घरी आल्यावर बुरुल म्हणाली, किती झालं?
म्हणालो, हजार.
ती कुट्टू वाढता वाढता थांबली.
मग म्हणालो, त्यातले माझे साठ.