उसामाला काही शिकवायचं नाही

६ जानेवारी २०१९, रविवार. जेद्दा.
सौदायझेशनची नवी टूम. हॉस्पिटलच्या पर्चेस डिपार्टमेंटमधली माझी खुर्ची म्हणे मार्चनंतर सौदी माणसाला. मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, म्हणाले, हा उसामा, याला तयार करा. पोरगा शुद्ध ठोंब्या. तोंड सदा उघडं. संकल्प: याला काही शिकवायचं नाही. शिकलाच नाही तर मला काढतील कसे? बायको, अहिल्या, म्हणते, नीट शिकवा, जाताना चांगलं नाव राहील. नर्स लोकांना ऑफिस पॉलिटिक्स कळत नाही.

१५ जानेवारी
शिकवायचं नाही, तर दिवसभर करायचं काय? विनोद ऐकवतो. उंट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, रजा मागायला जातो, तो. शेवट यायच्या आधी मलाच हसू फुटतं, इतका जबरदस्त आहे. उसामा नुसता माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो. गाढवापुढे वाचली गीता.

३ फेब्रुवारी
कंपाउंडच्या क्लबमध्ये फर्गस नावाचा आयरिश कॉमेडियन येतोय. आधी शाळामास्तर होता म्हणे. चांगली नोकरी सोडून हे धंदे! त्याच्या शोआधी दहा मिनिटं आपल्यातल्या एकाला मिळणार. कोणाला, हे सांगायला नकोच. सांगलीला गणेशोत्सवात माझं नाटुकलं पहिलं आलं होतं. (दुसरं नव्हतंच, पण तो मुद्दा वेगळा.) मुदीर पुढच्या रांगेत असतील. असा माणूस हातचा घालवायचा नसतो, हे त्यांनाही कळेल. खुर्ची पक्की.

२० फेब्रुवारी
आज निवड. आधी फर्गसने स्वतःचा नमुना दाखवला. एकटाच आई होतो, बाप होतो, बापाची मेंढीही होतो, आणि सगळी स्वतःचीच फजिती. आपली अब्रू आपण घालवायला अक्कल कशाला लागते?
मी मिस्री, मल्याळी, फिलिपिनो, सगळ्यांची उडवली. फर्गसने विचारलं, यात तू कुठे आहेस? म्हटलं, हा काय समोर उभा. लोकांना दिसतसुद्धा नाही.
उसामाला टाळ्या वाजवायला नेला होता. फर्गसने सहज त्यालाही उभं केलं. दहा मिनिटं त्याला. इथेही सौदायझेशन!

२२ फेब्रुवारी, शुक्रवार
कालचा शो. उसामाने कुठल्याशा इंडियन क्लार्कचं सोंग केलं. तो सारखी पँट वर ओढतो, टिश्यूने कीबोर्ड पुसतो, कोणी काम विचारलं की 'यल्ला, पहिले जोक सुनो' म्हणतो आणि जोक संपायच्या आत स्वतःच हसतो. अतिशय ओव्हरअ‍ॅक्टिंग. असा माणूस असतो का कुठे? उंटाचा विनोद मात्र सरळसरळ माझा, चोरलेला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मुदीर डोळे पुसत होते. अहिल्यासुद्धा! घरी विचारलं, एवढं काय होतं त्यात? माझ्याकडे बघून परत हसत सुटली. तिला मायग्रेन आहे, त्याचंच काहीतरी असणार.

२४ फेब्रुवारी
विजय! फर्गस उसामाला बहरीन-दुबईच्या दौऱ्यावर घेऊन जातोय. उसामाने राजीनामा दिला. खलास! जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, सर, जे काही शिकलो ते तुमच्याकडूनच. मूर्ख. डिपार्टमेंटला मिठाई वाटली. पँट वर ओढून खुर्चीत ऐसपैस बसलो, कीबोर्ड टिश्यूने स्वच्छ पुसला.

३ मार्च
मुदीरांनी बोलावलं. म्हणाले, उसामाचा खेळ पाहून लक्षात आलं, तुमच्या टेबलावर शिकण्यासारखं फारसं नाहीच. राहायचा परवाना, इकामा, संपतोय, तो पुढे वाढणार नाही. माझ्या जागी सादिया नावाची सौदी मुलगी. तिने कॉम्प्युटर उघडला, सगळं पाहिलं आणि विचारलं, एवढंच?
मी पँट वर ओढली आणि तिला उंटाचा विनोद सांगितला. ती इतकी हसली, इतकी हसली, की टेबलावर डोकं टेकलं. इतक्या वर्षांत माझ्या विनोदाला असं कोणी हसलं नव्हतं. खरं सांगतो, मला भरून आलं.
मग डोळे पुसत तिने कौतुक केलं. म्हणाली, त्या उसामाची नक्कल छान करता, फक्त त्याच्याइतकी खरी वाटत नाही.