तात्यांच्या गाडीचा धूर

प्रिय शिवा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तात्यांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहितेय.

आपली गवत कापायची गाडी आठवते ना? वाळूजच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली आणि तात्यांनी हौसेनं आणलेली? वेरूळ रस्त्यावरच्या आपल्या लॉनवर अजून तेच ती चालवतात. टोपी घालून असे ऐटीत बसतात, की वऱ्हाडी नवरदेव सोडून त्यांचेच फोटो काढतात.

तर तुळशीचं लग्न झालं, तारखा सुरू झाल्या आणि गाडी धूर ओकायला लागली. हळदीच्या फोटोंत नवरी दिसेना. मी आधी एअर फिल्टर झटकला, मग बदललाच. फरक शून्य. फिल्टर तुंबला की धूर काळा येतो. हा निळसर पांढरा होता, म्हणजे तेल जळत होतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागणार, या धसक्यानं तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर! जास्तीचं काढून टाकलं. थोडा वेळ धुरकटली, मग शहाण्यासारखी चालली. मी स्वतःवरच खूश. पण चार दिवसांत पुन्हा धूर, पुन्हा तेल वरपर्यंत.

मग एका सकाळी शेडच्या आडोशाला उभी राहिले. तात्या आले. गाडीला नमस्कार केला, तेल ओतलं, झाकण लावलं. आधी तिचं पोट, मग आपलं, हा त्यांचा बैलांपासूनचा नेम तुला ठाऊक आहे. नळावर हात धुऊन परत आले, पुन्हा नमस्कार केला आणि पुन्हा तेलाचा कॅन उचलला. मी हात धरला तर माझ्यावरच चिडले, "सकाळपासून उपाशी हाय ती. तुम्हाला कुणाला ध्यान नाय." शिवा, मला तिथंच रडू फुटलं.

क्रांती चौकातल्या डॉक्टरांना दाखवलं. विसरणं वाढतच जाणार म्हणाले. गोळ्यांनी जरा सावकाश, एवढंच. आता मी कॅन लपवून ठेवते. गाडी धूर सोडत नाही.

पण पौष लागलाय, लॉनवर एक तारीख नाही, तरी तात्या रोज गवत कापतात. कशासाठी म्हणून काल विचारलं. "आपल्या शिवाचं लगीन हाय. मनस्विनीच्या माणसांना पुढल्या खुर्च्या ठेवा." बामणाची पोर या लॉनवर पाय ठेवणार नाही, असं ज्यांनी तुला सुनावलं, तेच हे तात्या. ते भांडण विसरलेत, तुझं कोर्टातलं लग्नही विसरलेत. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून वरात कुठवर आली विचारतात. तुझा राग खोटा नाही रे, पण ज्यांच्यावर रागावलास ते आता इथं नाहीत. तुझं नाव त्यांच्या तोंडी आहे तोवर मनस्विनीला घेऊन ये. हार मी आणून ठेवते, पौष असला तरी. फक्त तुझं लग्न झालंय, हे त्यांना सांगू नकोस.

तुझीच,
अपेक्षाताई