चादरीचं दुसरं टोक

१२ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

दूधवाला आता आपला पोस्टमन झाला आहे. पत्र नेईन, पण उत्तरासाठी घाई करायची नाही, असा त्याने दमच भरला. तुझा फोन आलेला मला दिसतो, ऐकू येत नाही. कानातल्या यंत्राचा सेल संपला आणि ते दुकान बंद. उभा जन्म छापखान्यात मशीनशेजारी काढला, त्याचं हे बक्षीस. मोबाइलवर अक्षरं टिपायची म्हणजे माझ्या जाड बोटांना शिक्षाच, आणि त्यावर आलेली बारीक अक्षरं डोळ्यांना लागत नाहीत.

तू तुझ्या वहिनीचं विचारलंस. ती रोज सकाळी तयार होऊन कामावर निघते. हॉटेलची लाँड्री कधीच सुटली हे तिला माहीत नाही. परवा तर मी कोण हेही माहीत नव्हतं. पण चादरीची घडी मात्र ती विसरलेली नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग मी तिच्याकडे चालत जाऊन माझी टोकं तिच्या हातात द्यायची. हातात चादर असली की ती शांत. नसली की दार बडवते. पूर्वी संध्याकाळी तिला फिरवून आणायचो, आता गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेत. म्हणून ती घड्या घालते आणि तिची पाठ वळली की मी त्या मोडून ठेवतो. काल मला मोडताना पकडलं आणि असल्या कामगाराला मुकादम घरी बसवील असं सुनावलं. मी म्हटलं, घरीच तर बसलोय.

हसलो खरा, पण बारके, मी हात टेकले आहेत. ती तुझ्यामाझ्याखेरीज कुणाच्या हातचं खात नाही. अनोळखी माणूस दिसलं की अंगावर धावते, नाहीतर पळत सुटते. आपल्याला तिघांशिवाय चौथं कुणी नाही. मला काही झालं तर दुसरं टोक तू धरशील ना? एवढं एकच लिहून पाठव.

माया आहे तेवढी असू दे, आणि घरात कुठे सेल सापडला तर तोही पाठव.

तुझा
दादा


१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मायना रीतसर लिहिलाय, पुढे अरे-तुरे आहे, चालवून घे.

सेल सापडला नाही. बदल्यात दोन जुन्या चादरी पाठवतेय. एक मुद्दाम मोठी आहे, वहिनीला तेवढाच जास्त वेळ पुरेल. मी सकाळपासून मास्क शिवते. सगळ्या जगाचं नाकतोंड माझ्या मशीनखालून जातंय म्हण ना. कपड्याचा भुगा घशात जाऊन आवाज पार बसलाय. तुला तसाही ऐकू येत नाही, तेव्हा तुझं काही नुकसान नाही.

आणि हे काय विचारणं झालं? धरशील ना म्हणे! ज्या बाईने मला फ्रॉकची पहिली शिलाई घालायला शिकवलं, तिला मी वाऱ्यावर सोडीन? कोपऱ्यावरच्या पोलिसाला मी विचारून ठेवलंय. आजारपण असेल तर बांबूखालून सोडीन म्हणाला. तू नुसती हाक मार, मी दुसऱ्या सकाळी दारात. गरम पाणी पीत जा. खिडकीला कडी लाव.

नेहमी रागावतोस तेवढाच राग आणि तेवढाच जीव असू दे.

तुझी
बारकी


१९ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुला हे आधीच लिहायला हवं होतं. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मला ताप भरला. लिहिलं नाही, कारण आपल्या घराची खोड तुला ठाऊक आहे. आईच्या पायाचं ऑपरेशन झालं तेसुद्धा ती चालायला लागल्यावर आपल्याला कळलं. वाईट बातमी निस्तरून झाली की मगच सांगायची, अशी आपली सगळ्यांची रीत. वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरला नाही. चादर धरून उभं राहवत नाही, म्हणून आता खुर्चीत बसून टोक धरतो. वहिनीला ते पसंत नाही. तोंड फुगवून बसते.

तपासणीवाली बाई येऊन गेली. कागदावर लिहून दाखवलं तिने. मला लागण झालीय, वहिनीला नाही. तेवीस तारखेला मला न्यायला येतील. तोवर खाट रिकामी नाही. वहिनीला बरोबर नेता येणार नाही, लागण नसलेलं माणूस वॉर्डात घेत नाहीत. सांभाळणारं कुणी नसेल तर तिला शाळेच्या हॉलमध्ये ठेवतील, अनोळखी बायकांत. दाराला बाहेरून कडी.

तेव्हा ही हाक समज. तू ये. तू आलीस की मी कुठेही जायला मोकळा. तुझ्या भरवशावर मी इतके दिवस ताप अंगावर काढला.

जीव लावलाच आहेस, आता पाऊल उचल.

तुझा
दादा


२० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दादा, मला येता येत नाही. तो कपड्याचा भुगा नव्हता रे. मलाही आठवडाभर ताप आहे आणि घसा चिरल्यासारखा दुखतोय. मीही लपवलं. तुला वहिनीचा एवढा घोर, त्यात माझी भर कशाला, असा शहाणपणा केला. तू माझ्या भरवशावर राहिलास आणि मी तुझ्या. आपल्यासारखे आपणच.

काल माझी तपासणी झाली, निकाल कधी येईल ते सांगत नाहीत. आज आले तर तिला हाताने आजार देईन. तू शेजाऱ्यांना विचार. तपासणीवालीच्या पाया पड. मी इथे भिंतीवर डोकं आपटण्यापलीकडे काही करू शकत नाही. ती हॉलमध्ये एक रात्र काढणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

मला शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझी
बारकी


२२ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

शिव्या कुठल्या तोंडाने देऊ? दोघेही एकाच आईची लेकरं.

शेजारी दार उघडेनात. खालच्या मास्तरणीने दाराच्या फटीतून हात जोडले, तिच्या घरात दम्याची सासू आहे, तिला तरी काय बोलणार? तपासणीवाली भली बाई आहे. तिने लिहून दिलं की नियम तिच्या हातात नाहीत, बाईंनाही लागण असती तर दोघांना एकत्र नेलं असतं.

ते वाक्य डोक्यात बसलं. काल संध्याकाळी मी अर्धा कप चहा प्यायलो आणि उरलेला वहिनीला दिला. तिने मुकाट्याने घेतला. मग माझा रुमाल तिच्या उशीवर ठेवला. आज सकाळी पुन्हा तसंच केलं. आणि आता तिच्या कपाळावर हात ठेवून बसलोय. बायकोला ताप यावा म्हणून वाट बघणारा नवरा कुणी पाहिला नसेल. ती मधूनच माझा हात धरते आणि तुम्हाला बरं नाही का असं काहीतरी विचारते. ओठांवरून ओळखलं मी. आज मी कोण ते तिला माहीत आहे, बारके.

मी वाईट माणूस आहे असं तुला वाटलं तर ते बरोबरच आहे. पण ती बंद दारामागे एकटी ओरडते आहे हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

जमलं तर लोभ ठेव, मी मागत नाही.

तुझा
दादा


२२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, सुटलो! आत्ता निकाल आला. मला लागण नाही, साधा घसा होता. ताप कालपासून उतरलाय. उद्या दूधवाल्याच्या पाठोपाठ मीच येते. पोलिसाला सांगून झालंय. तुला न्यायची गाडी येण्याआधी मी दारात असेन. तू बिनघोर जा. वहिनीला सांग, मुकादम नवा कामगार पाठवतोय.

बाकी बोलणं समोरासमोर. लोभ आहेच, घाई आहे.

तुझी
बारकी


२५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तुला गाडीत चढताना लांबून पाहिलं. तू हात हलवलास, मीही हलवला. किती सुटल्यासारखा दिसत होतास! तुझं पत्र दूधवाल्याने त्यानंतर माझ्या हातात ठेवलं. तुझ्याच दारात उभी राहून मी ते वाचलं. तुला काय काय बोलले ते ऐकायला तू नव्हतास, आणि असतास तरी ऐकू आलं नसतं. एक रात्र, दादा. एकच रात्र थांबायचं होतंस. पण माझा ताप उतरला त्याच दिवशी मी कळवलं असतं तर. मी रागावू तरी कुणावर?

दोन दिवस वहिनी छान होती. माझ्या हातचं जेवली. आज सकाळी तिचं अंग कढत लागलं. तुझ्या कपामुळे की त्याआधीच घरातल्या हवेत होतं, कुणाला कळणार. दुपारी तपासणीवाली आली आणि तिने सांगितलं की उद्या नेणार. मी म्हटलं, निदान दादाजवळ ठेवा. तेव्हा कळलं की तुला काल ऑक्सिजनच्या खोलीत हलवलं आणि तिथे कुणालाच सोडत नाहीत. बायकांचा वॉर्ड तर वेगळ्याच इमारतीत आहे. म्हणजे ती एकटीच राहणार. जे टाळायला तू हे सगळं केलंस, तेच.

तुला हे कळवू नये असं दहादा वाटलं. पण तू तिला डोळ्यांनी शोधत पडला असशील, आणि ती येत नाही म्हणून जीव सोडशील, त्याची मला जास्त भीती वाटते. ती तुझ्याकडे येणार नाही, पण ती एकटी नसेल. ती बाई गेल्यावर मी चहा केला. आधी वहिनीला दिला, आणि तिने ठेवलेला अर्धा कप मी प्यायले. रात्री तिच्याच उशीवर डोकं ठेवून झोपणार आहे. ताप आला नाही तरी आलाय म्हणून सांगेन, घसा अजून बसलेलाच आहे.

तू श्वास घेत राहा. वहिनीची काळजी मी करते.

तुझी
बारकी