मागाच्या खड्ड्यातली भुरी

माय, आज जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. आपली भुरी कुत्री व्याली, तुझ्या मागाच्या खड्ड्यात. दोन्ही माग तर तू गेल्यावर बाबांनी मोडून विकले, पण ज्यात पाय सोडून तू विणायला बसायची तो खड्डा तसाच आहे. बाबा आता गांधीबागेत दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे गठ्ठे बांधतात. खड्ड्यात जुनी पोती पडली राहतात आणि त्यांच्यावर काळ्या झोपतो. तुझ्या हातानं वाढलेला कुत्रा. म्हातारा झाला, त्याले दिसतही नाही आता. सवयीनं तो आपल्या जागेवर उतरला, भुरीनं कान फाडला, तो उलटून गुरकावला आणि एक पिल्लू त्याच्या पायाखाली आलं. पिल्लू वाचलं. पण बाबांनी ठरवलं, काळ्याले कामठीच्या पुढं सोडून यायचं.

मी इकडे तिरुपूरले बनियानच्या कंपनीत आहे. ही तिसरी नोकरी. मन एका जागी लागत नाही, आणि थकवा मात्र सगळीकडे सोबत येतो. ताई आणि बाबा जेवायला घरी आले होते, ताईनं फोन स्पीकरवर ठेवला. बाबांना म्हटलं, "काहून सोडता? आंधळा हाये तो." ते म्हणाले, "मंग पिल्लं मरू देऊ का? तू येतं का राखाले तिकडून?"

मले तो खड्डा दिसून राहिला होता. काळ्याची माय त्यात व्याली तेव्हा मी किती असेन, शाळेत जात होतो अजून. तू मागाच्या आडव्या लाकडाले जुनं लुगडं टांगून आडोसा केला. तुझी बसायची जागाच गेली, म्हणून तू ओसरीत चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची, आणि साडीले उशीर झाला म्हणून शेठ दारात येऊन ओरडायचा. बाकीच्या दोन कुत्र्यांना तू आधी अंगणात खाऊ घालायची, मग आत गूळ घातलेल्या पातळ कण्या न्यायची. बाहेर आली की पिल्लांच्या वासाचे हात त्या दोघांच्या नाकाशी धरायची. "हुंगा गा, हुंगा, घरचेच हायेत." मी एकदा त्यातल्या मोठ्याले दोरीनं ओढत आत आणला. म्हटलं, बाप हाये ना तो, लेकरं दाखवतो. तू चरखा थांबवला. "बापाले एवढी काय घाई? तुया बापानं तुले थेट बारशाले पाह्यलं." पलीकडच्या मागावर बाबा इतके हसले की त्यांचा धागा तुटला. मले मात्र दिवसभर उंबरठ्यावर राखणीले बसवलं.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. लुगडं टांगा, काळ्याचं पोतं सैपाकघरात टाका, साखळी बांधा, त्याले आधी जेवू घाला, मग हात हुंगू द्या. ताई हो हो म्हणत होती. बाबा म्हणाले, "तुया मायची गोष्ट वेगळी होती. ती दिवसभर घरी राहे. आता आमी दोघं कामावर, पाहाले कोण हाये?" मागून साखळीचा आवाज येत होता, त्यांनी काळ्याले दारापर्यंत आणलं होतं.

तेव्हा मी म्हटलं, "माय म्हणे, एकीचं बाळंतपण हाये म्हणून दुसऱ्याले घराबाहेर काढाचं नाही."

ते म्हणाले, "असं म्हणे का ती?"

"म्हणे."

"मले कधी नाही म्हटलं."

"तुम्ही सूत आणाले गेले असाल."

संध्याकाळी ताईनं फोटो पाठवला. काळ्या चुलीजवळ पोत्यावर पडला आहे, कानाले हळद लावली आहे. खड्ड्यावर ताईची ओढणी टांगली आहे. लुगडं सापडलं नसेल. ताईनं लिहिलं, बाबा शेजारच्या काकूले सांगून राहिले, आमच्या घरची ही असं असं म्हणे.

तू असं कधीच म्हटलं नव्हतं, माय. मी बनवलं ते. बाबांना सांगणार नाही.